नापसंत घरांची घरपट्टी

एका मोठ्या जंगलावर एक वाघ राज्य करत होता. तो निवडून आलेला होता. त्याच्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नव्हतं, कारण उमेदवारीचा अर्ज वाघाच्याच गुहेत आत जाऊन भरायचा होता. असो. जंगलाची भरभराट चालली आहे असं कावळे रोज सकाळी ओरडून सांगत, आणि ज्यांना ती दिसत नसे त्यांना डोळे तपासून घ्यायला सांगत.

याच जंगलात ओढ्याकाठच्या खडकात कपारेबाई नावाची घोरपड राहायची. बाई कराच्या वकील होत्या. आता घोरपडीला अंडी किती आवडतात हे काही मी तुम्हाला सांगायला नको. पण सनद घेताना अशिलाचं अंडं खाणार नाही अशी शपथ असते, आणि ती बाईंनी आजवर पाळली होती. फी त्या नाकतोड्यांत घ्यायच्या, तीही आगाऊ. स्वतःची बिळपट्टी मात्र दरसाल मुदतीच्या पहिल्याच दिवशी भरून मोकळ्या व्हायच्या आणि चारचौघांत ते बोलूनही दाखवायच्या.

श्रावणात एका सकाळी त्यांच्या खडकावर एक सुगरण पक्षी येऊन बसला. नाव झुलबा. विणीचा हंगाम भरात असताना नराचा पिवळा रंग कसा झळकायला हवा, पण याचा पार उतरला होता.

"बाई, पौर्णिमेला माझ्या घरावर जप्ती येतेय," तो म्हणाला.

"थकबाकी किती?"

"व्याज, दंड, सगळं धरून चाळीस पायल्या दाणे."

"एवढीच?" बाईंनी जीभ आत घेतली. "मग अवघड आहे."

झुलबाला वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण बाई कामाच्या वेळी थट्टा करत नसत. त्यांनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्याचं झालं होतं असं. सुगरणींत घर बांधतो नर. अर्धं विणून झालं की तो त्याला लोंबकळून गातो, मग मादी येते, आत जाते, चोचीने दोन-चार हिसके देऊन बघते आणि मनाला आलं नाही की निघून जाते. नर निमूट दुसरं घर विणायला घेतो. झुलबाची सहा घरं अशी नापसंत झाली होती. सातवं सगुणाने पसंत केलं, त्यात तिने तीन अंडी घातली आणि संसार सुरू झाला. नापसंत घरं बाभळीला तशीच लटकत राहिली. त्यांच्याविषयी सुगरणींत कोणी चकार शब्द काढत नाही. ते घर आपलं नव्हतंच असं वागायचं, जवळून उडताना तिकडे बघायचंही नाही, ही रीत.

आणि रीत अंगाशी आली. घरपट्टी खात्याची खार मोजणीला आली तेव्हा तिने प्रत्येक घरापाशी विचारलं, "हे कोणाचं?" झुलबाने दर वेळी मान फिरवली. गप्प राहिलं की अब्रू राहते, असा त्याचा हिशेब. खारीने प्रत्येक घरापुढे लिहिलं, 'मालक झुलबा, आक्षेप नाही.' बायकोसकट एका घरात राहणारा हा गरीब जीव सात घरांचा मालक झाला.

"मग नोटिसा आल्या असतील," बाई म्हणाल्या.

"आल्या ना. शिंदीच्या पातीवर होत्या. छान लांब, चिवट."

"काय केलंत त्यांचं?"

"विणल्या," झुलबा म्हणाला. "सातवं घर अर्धंच झालं होतं, उरलेलं सगळं सरकारी पातींनी पुरं केलं. म्हणून तर सगुणाला ते घर इतकं मजबूत वाटतं."

बाईंनी डोळे मिटले. बाईंच्या धंद्यात हे नवीन नव्हतं. कोणी नोटीस बिळात पुरतो, कोणी तिच्यावर झोपतो, पण वाचत कोणी नाही, आणि येतात ते जप्तीच्या तोंडावर. तरी नोटिशीतच अंडी उबवणारं कुटुंब त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"जप्तीला कोण येणार आहे?"

"धामणबाई."

आता मात्र बाईंनी डोळे उघडले. धामणीच्या जप्तीची पद्धत त्यांना ठाऊक होती. आधी घरातला माल मोजायचा, मोजताना चाखायचा, आणि पंचनाम्यात लिहायचं, 'घर रिकामे आढळले.'

जागा बघायला म्हणून बाई बाभळीवर चढल्या. सगुणाने घराच्या तोंडातून खाली पाहिलं आणि ती ओरडली. "अहो, हे काय आणलंत?"

"वकील आहेत आपल्या."

"असतील. त्यांना म्हणावं, त्या फांदीच्या पुढे यायचं काम नाही."

बाईंना वाईट वाटलं. अंड्यांचा वास आला होता आणि तोंडाला पाणी सुटलं होतं, म्हणून जरा जास्तच वाईट वाटलं. त्या मुकाट खाली उतरल्या.

आधी त्यांनी सरळ मार्ग धरला. अपील अधिकारी होते कासवराव. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, सहा घरं झुलबाची नाहीत हेही त्यांना पटलं, आणि ते म्हणाले, "अन्याय झालाय खरा. निम्मी रक्कम भरा, मग सुनावणीची तारीख देतो. साधारण पुढच्या श्रावणात."

"तोवर पिल्लं धामणीच्या पोटात असतील, साहेब."

"मग अर्ज निकाली निघेल," कासवराव म्हणाले आणि पाय आत घेऊन बसले.

त्याच संध्याकाळी मोठ्या वडाखाली सभा होती. मुसंडेशेठ नावाच्या रानडुकराने राजाच्या कणग्यांमधून बियाणं म्हणून जे धान्य उचललं होतं, त्याचा एक दाणाही परत केला नव्हता आणि करही भरला नव्हता. त्याला माळ घालून राजाच्या शेजारी बसवलं होतं.

"माझ्या वनबंधूंनो," वाघ म्हणाला, "तुम्ही मला एकेक दाणा दिलात, मी त्याचं झाड केलं. झाड कुठंय असं काही देशद्रोही विचारतात. अरे, झाड वाढतंय. वाढणाऱ्या झाडाला कुठंय म्हणून विचारायचं नसतं. आज मुसंडेशेठ अडचणीत आहेत. शेठ अडचणीत म्हणजे जंगल अडचणीत. म्हणून महाअभय योजना. सगळी थकबाकी माफ."

टाळ्या झाल्या. ज्यांना पंजे नव्हते त्यांनी शेपट्या आपटल्या.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या योजनेच्या अटी वाचत होत्या. अट एकच होती. थकबाकी एका भरलेल्या कणगीपेक्षा जास्त हवी. त्याहून कमी असेल तर नेहमीची वसुली, म्हणजे धामण.

दुसऱ्या दिवशी बाईंनी झुलबाला बोलावलं. "ऐका. मोठा बुडाला की त्याला अडचण म्हणतात, लहान अडचणीत आला की त्याला बुडव्या म्हणतात. तुम्हाला मोठं व्हायला हवं. ओढ्याच्या दोन्ही काठांना लटकणारी सगळी नापसंत घरं, यंदाची, गेल्या सालची, गळून पडलेली, ती माझीच, असं खात्याला लिहून द्यायचं."

झुलबाची पिसं उभी राहिली. "सगळी? म्हणजे जंगलातल्या एकूण एक माद्यांनी मला नाकारलं असं सांगू?"

"हो."

"समाजात तोंड कसं दाखवू?"

यावर सगुणा बोलली. ती अंड्यांवरून उठली नव्हती, आतूनच बोलली. "तोंड नका दाखवू. ही तिघं तोंड उघडतील तेव्हा त्यात घालायला किडे आणा, म्हणजे झालं. जा आणि लिहून द्या."

झुलबा गेला. बाकीच्या नरांनी आपापली नापसंत घरं इतक्या आनंदाने त्याच्या नावावर केली की सह्या घेता घेता बाईंची पुरेवाट झाली. कित्येकांनी तर नसलेलीही दिली.

वसुली खात्याच्या तरससाहेबांनी तो कबुलीजबाब तीनदा वाचला. बाई समोर कोऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या. खात्याला घरं कमी दाखवली तर पकडता येतं. जास्त दाखवली तर पकडायचं कलमच नव्हतं. शिवाय साहेबांचं वर्षाचं उद्दिष्ट अपुरं होतं. त्यांनी सगळ्या घरांवर पट्टी लावली, पट्टीवर व्याज, व्याजावर दंड आणि एवढी घरं लपवून ठेवल्याबद्दल आणखी दंड. बेरीज झाली ती जंगलात जेवढं धान्य होतं त्याहून जास्त. साहेबांच्या डोळ्यांत समाधान मावेना.

पौर्णिमा उजाडली तेव्हा कावळ्यांनी पुकारा केला, 'गृहबांधणीतील तरुण उद्योजक संकटात.' दुपारी राजाच्या गुहेतून निरोप आला. जेवायला या.

महाअभय मंजूर झालं. झुलबाला माळ घातली गेली, ती त्याच्याहून जड असल्याने दोन माकडांनी दोन्ही बाजूंनी धरून ठेवली. "सहाशे घरं नाकारली गेली तरी हा गडी विणत राहिला," वाघ म्हणाला. "याला म्हणतात राष्ट्रनिर्माण." लगेच त्याला वननिवास महामंडळाचा अध्यक्ष नेमलं. अध्यक्ष म्हटलं की संरक्षण आलं. धामणबाईंची नेमणूक जप्तीवरून काढून बाभळीच्या पहाऱ्यावर झाली.

सगुणाच्या डोळ्याला डोळा लागेना. धामण खालच्या फांदीला विळखा घालून 'ताईसाहेब, काही हवं-नको?' असं विचारायची. पण सरकारी पातीचं घर मजबूत निघालं, आणि अध्यक्षांची अंडी चाखायची म्हणजे नोकरी जायची. तिन्ही पिल्लं सुखरूप बाहेर आली. ती बातमी ऐकून कपारेबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी फीमधला सगळ्यात मोठा नाकतोडा पिल्लांना पाठवून दिला.

मग व्हायचं ते झालं. दोन मोठ्यांना माफी दिल्यावर कणग्यांचा तळ दिसायला लागला. मंत्रिमंडळ बसलं, उठलं, आणि 'कृतज्ञता अधिभार' आला. जे वेळेवर कर भरतात त्यांनी तो पुन्हा एकदा भरायचा, कारण त्यांना भरायची सवय आहे आणि त्यांचे पत्ते खात्याकडे आहेत. मुंग्यांनी रांग लावून भरला. बाईंच्या कपारीतही शिंदीची एक पाती येऊन पडली. बारा पायल्या, पंधरवड्यात. नाहीतर जप्ती.

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची नोटीस वाचली. राग आला, पाती कुठेतरी पुरून टाकावीशीही वाटली. मग त्या उठल्या आणि बाभळीकडे गेल्या.

झुलबा आता वरच्या फांदीवर बसायचा. खाली धामणबाईंनी नाव विचारलं, काम विचारलं, बराच वेळ ताटकळत ठेवलं आणि मग सोडलं. झुलबाने मात्र बाईंना ओळखलं. उपकार विसरणारा तो नव्हता.

"बसा, बाई. तुमच्यासाठी काय वाटेल ते. किती आहे थकबाकी?"

"बारा पायल्या."

झुलबाचा चेहरा पडला. "एवढीच? अवघड आहे हो."

"थकबाकी तरी कसली, झुलबा. मी आजवर एक दाणा बुडवलेला नाही. दरसाल पहिल्या दिवशी भरत आलेय."

झुलबाने मान हलवली. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं.

"तीच तर पंचाईत आहे, बाई," तो म्हणाला. "भरणाऱ्यांसाठी आपल्याकडे काही योजनाच नाही."