कोपरापाशी फुगलेली बाही

फार पूर्वी, डोंगरमाथ्यावरच्या एका गावात, गिरजाने आपल्या गेलेल्या नवऱ्याचा लोकरी स्वेटर पेटीत जपून ठेवला होता. त्या हिवाळ्यात लेक रंगू कुडकुडू लागली, तेव्हा गिरजाने तो बाहेर काढला आणि विणायच्या सुया शोधल्या.

"मला उसवू नका गं," स्वेटर सुयांना म्हणाला. "माझा धनी गुडघ्यावर उजवं कोपर टेकून बसायचा. माझी बाही तिथे अजून फुगलेली आहे. त्याचं एवढंच उरलंय."

"आणि पेटीत बसून तू ऊब कुणाला देतोस?" एका सुईने विचारलं.

गिरजाने स्वेटर उसवला, वळ्या जाव्यात म्हणून लोकर कोमट पाण्यातून काढली आणि आठ दिवसांत रंगूच्या मापाचा स्वेटर विणला. दोन्ही बाह्या अगदी सरळ होत्या.

"आता पुरता गेला तो," लोकर म्हणाली.

रंगू रोज उन्हाला पायरीवर बसायची, गुडघ्यावर उजवं कोपर टेकून. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

होळीच्या सुमारास गिरजा स्वेटर धुवायला बसली. उजवी बाही कोपरापाशी फुगली होती. बाकीचा स्वेटर तिने पिळला. ती बाही मात्र तशीच निथळू दिली.