बारा हौदांचं पाणी

लहानथोरांनो, ही गोष्ट फार पूर्वीची. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. माघ सरता सरता तिथल्या विहिरी तळाला जात, आणि मग बायका कोसभर लांबच्या तळ्यावरून डोक्यावर पाणी आणत.

राजाने केरबा गवंड्याला बोलावलं आणि तळ्याचं पाणी नगरात आणायला सांगितलं. केरबा तीन वर्षं खपला. त्याने जमिनीखालून मातीचे भाजलेले नळ घातले आणि बारा आळ्यांत बारा हौद बांधले. प्रत्येक हौदाशी नळाच्या तोंडात एक लाकडी दट्ट्या होता. तो काढला की पाणी येई, ठोकला की बंद होई. शेजारी बांबूवर पिवळं निशाण होतं. निशाण वर असेल तर पाणी भरा, खाली उतरलं तर भरलेली घागरही ओतून द्या, असं केरबाने दारोदार जाऊन समजावलं.

पाडव्याला बाराही हौद एकदम खुले करायचं राजाच्या मनात होतं. केरबा कबूल होईना. आधी एक हौद, आठ दिवसांनी दोन, मग चार, असं त्याचं म्हणणं. प्रधान चिडला. तीन वर्षांत नळ तपासले नाहीस का, असं त्याने विचारलं.

"तपासलेत," केरबा म्हणाला. "पण माणसं रोज पाणी पिऊ लागतील तेव्हाच खरं कळेल. माझी चूक कुठे राहिली असेल, तर ती एका आळीपुरती राहू दे."

"कोणत्या आळीपुरती?" राजाने विचारलं.

"माझ्या."

राजाने मान्य केलं. पाडव्याला केरबाच्या आळीतला एकच हौद खुला झाला, आणि नगरात कुजबुज सुरू झाली. गवंड्याने पहिलं पाणी आपल्याच दाराशी नेलं, असं जो तो म्हणू लागला. तळ्यावरून येणाऱ्या बायका केरबाच्या बायकोशी, सगुणेशी, बोलेनाशा झाल्या. म्हाताऱ्या बायांना घागरी वाहताना पाहून केरबालाही गलबलून येई. पण दुसऱ्या दट्ट्याला त्याने हात लावला नाही.

पाचव्या दिवशी त्याच्या आळीत माणसांना उलट्या होऊ लागल्या. सगुणेला तर अंथरुणातून उठवेना. केरबा धावत हौदाशी गेला. त्याने निशाण उतरवलं, दट्ट्या ठोकला. सतरा माणसं आजारी पडली होती. वैद्याच्या औषधाने सगळी बरी झाली. उरलेल्या अकरा आळ्यांत कुणाला काहीच झालं नाही.

प्रधानाने सगळे नळ उखडून टाकायला सांगितलं. केरबाने राजाकडे पंधरा दिवस मागितले आणि तळ्यापासून एकेक सांधा उकरून पाहिला. एका ठिकाणी वर ताग कुजत घालायचं डबकं होतं. त्याचं घाण पाणी नळाच्या बारीक चिरेतून आत झिरपत होतं. केरबाने तिथला नळ फोडला, डबक्याला लांबून वळसा घालून नवा घातला, आणि दोन दिवस नुसतं पाणी वाहू दिलं.

मग त्याने पुन्हा आपल्याच आळीचं निशाण चढवलं. माणसं घागरी घेऊन आली, पण पुढे कुणी होईना. सगुणा नुकती कुठे चालू लागली होती. ती भिंतीला धरत हौदाशी आली.

"आधी मी पिते," ती म्हणाली, आणि तिने तांब्या भरला.

आठ दिवस नीट गेले. मग दोन हौद खुले झाले, मग चार. सखल आळीत पाण्याच्या जोराने हौदाजवळचा सांधा फुटला. त्या आळीकडे नळ वळतो त्या फाट्यावरही केरबाने एक दट्ट्या ठेवला होता; तो ठोकून त्याने दुपारपर्यंत सांधा बुजवला. बाकीच्या आळ्यांचं पाणी चालूच होतं. वैशाख संपायच्या आत बाराही निशाणं वर चढली.

एकदम सगळे हौद खुले केले असते तर काय झालं असतं, हे राजाला सांगावं लागलं नाही. प्रधानालाही नाही. पुढे प्रधानाने नदीवर पूल बांधून घेतला, तेव्हा पहिल्या दिवशी त्यावरून एकच बैलगाडी गेली, आणि ती हाकत होता स्वतः प्रधान.

बोध: नवी गोष्ट आधी थोड्यांत, आणि त्या थोड्यांत स्वतःला धरून, अजमावावी, थांबवायची सोय हाताशी ठेवावी, आणि मगच ती सर्वांच्या हाती द्यावी.