अध्यक्षांचा कठडा

जंगलात मतं टाकून अध्यक्ष निवडायची टूम नवीनच निघाली होती, तेव्हाची ही गोष्ट. पहिला अध्यक्ष झाला एक दांडगा गवा. त्याने आपल्या चिटणीस साळुंकीबाईंना लगेच हुकूम सांगितला, "लिहा, ओढ्यावर आठ दिवसांत पूल."

पण लाकडं आणि वेली होत्या वानरांच्या सभेच्या ताब्यात. सभा चार दिवस भांडली आणि म्हणाली, "सामान देतो, पण पुलाला कठडा हवा. आमची पोरं पडतील."

"कठडा हे भित्र्यांचं काम!" गवा फुरफुरला आणि तडक न्यायाला बसणाऱ्या म्हाताऱ्या कासविणीकडे गेला. "आजी, निवडून मी आलोय. या शेपटीवाल्यांचं काय म्हणून ऐकू?"

कासवीण म्हणाली, "अध्यक्षमहाराज, पूल तुम्ही सुचवलात, छान केलंत. सामान द्यायचं ते सभेने ठरवलं, तो तिचा हक्क. आणि लहानांचा जीव जपायचा, हा कायदा तुमच्या निवडणुकीच्या आधीचा आहे. कठडा राहील."

पूल झाला. उद्घाटनाला गव्याने पुलावरच भाषण ठोकलं. "या सभेने आणि आजीने अडवलं नसतं, तर पूल कधीच झाला असता!" असं म्हणत त्याने जोरात पाय आपटला, ओल्या लाकडावरून घसरला आणि शिंगं कठड्यात अडकून ओढ्यावर लोंबकळू लागला. वानरांनी त्याला कसंबसं वर ओढलं.

धाप ओसरल्यावर तो म्हणाला, "साळुंकीबाई, लिहा. पुलाला कठडा करावा, असा माझा हुकूम."

"तारीख कोणती घालू, साहेब?"

"सभा भरायच्या आदल्या दिवशीची."