वाळूतली अनोळखी पावलं

"आणि ही कुणाची?"

"नूफआत्याची. डावा पाय ओढते. पाण्याला गेली होती, येताना कडेवर नातू होता."

मिसफरने हे उभ्या उभ्याच सांगितलं. खाली वाकायची त्याला गरजच वाटली नाही.

म्हातारा मुतलक मान डोलावत पुढे सरकला. वाळूतली पावलं ओळखण्यात त्याचा हात धरणारा त्या वाळवंटात कोणी नव्हता, आणि पुतण्या मिसफर गेली सहा वर्षं त्याचा चेला होता. चाऱ्यामागे चार महिने पांगलेलं सगळं कुटुंब कालपासून विहिरीपाशी जमलं होतं. अकरा तंबू, उंट, शेळ्या, आणि कोण किती वाळलं, कुणाचं पोर किती वाढलं याच्या न संपणाऱ्या गप्पा. उद्या सगळे मिळून नव्या कुरणाकडे निघणार होते. सगळ्यांच्या पुढे चालायला म्हाताऱ्याचे गुडघे आता तयार नव्हते. ती जागा मिसफरला हवी होती, इतकी की काल संध्याकाळी पोचल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

"ही उंटीण?"

"फिद्दा. गाभण आहे."

तंबूंसमोरून माणसाच्या पावलांची एक सरळ रेघ गेली होती. म्हातारा तिथे थांबला.

"हा कोण?"

मिसफर पहिल्यांदाच खाली बसला. बराच वेळ बघत राहिला.

"हा आपला नव्हे, काका."

"कशावरून?"

"एवढ्या दारांसमोरून गेला, पण एकाही दाराशी थांबला नाही. ना सलाम, ना कॉफी. टाचा कशा रोवल्यात बघा. आणि इथे पोरांनी लेंड्यांच्या भिंती करून घर मांडलं होतं, तेही तुडवलंय. आपल्यातला कोणी असा चालेल?"

"मग कोण असेल?"

"वैरी. नाहीतर अगदीच अडाणी माणूस."

"हं... पाय ठेव बघू त्यात."

मिसफरने पाय ठेवला. तो नेमका बसला.

...

जवळच्या तंबूत नूफआत्याला हसू आवरेना. "काल दोनदा हाक मारली रे तुला. तू आपला नाकासमोर काकाकडे."

मिसफरचे कान लाल झाले. कुठे तोंड लपवावं ते त्याला कळेना. मग तो खाली बसला आणि एकेक लेंडी उचलून पोरांच्या घराची भिंत उभी करू लागला. पोरांनी त्याच्याकडून दोन खोल्या जास्त बांधून घेतल्या.

तिथून तो पहिल्या तंबूकडे वळला. तिथे कॉफी मिळाली. दुसऱ्यात कॉफी आणि खजूर. तिसऱ्यात आधी बोलणी बसली, मग कॉफी. पुरे झालं म्हणून त्याने रिवाजाप्रमाणे पेला हलवून दाखवला, तरी आत्याने मुद्दाम न पाहिल्यासारखं करून आणखी ओतली. दहाव्या तंबूतून तो निघाला तेव्हा सूर्य टेकला होता आणि हसून हसून त्याचे गाल दुखत होते.

म्हातारा आपल्या दाराशी बसला होता.

"काका... उद्या पुढे कोण चालणार?"

म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्याच्या मागच्या वाळूतली पावलं पाहिली, सावकाश, दारादारातून वळत आलेली.

मग आत वळून हाक दिली, "उंटांना पहाटेच पाणी पाजा गं. वाटाड्या आलाय."