कुर्ली डोंगर चढली

फार जुन्या काळी समुद्रकाठच्या एका डोंगरावर सोनवी नावाची शेळी राहायची. खालच्या गुहेतल्या कुर्लीशी, म्हणजे एका खेकडीशी, तिची छान गट्टी जमली होती. पण अंधाराच्या आणि पाण्याच्या भीतीने सोनवीने गुहेत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

एकदा कुर्ली म्हणाली, "सोनवीताई, मला तुमचं शिखर दाखवाल?"

सोनवीने तिला पाठीवर घेतलं आणि ती डोंगराच्या धारेवरून उड्या मारत निघाली. वाटेत ती खाडी दाखवी, होड्या दाखवी. कुर्ली आधी खूप बोलत होती, मग नुसतं "हं" म्हणू लागली. शिखर हाकेच्या अंतरावर आलं तेव्हा तर तिचा आवाजच येईना. सोनवीने मान वळवून पाहिलं. उन्हावाऱ्याने कुर्लीचं अंग पार सुकलं होतं.

"अगं, बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या आनंदात होतात..." कुर्ली कशीबशी पुटपुटली.

सोनवी तिथूनच मागे फिरली. धापा टाकत ती खाली उतरली आणि थेट काळोख्या गुहेत, पोटापर्यंत पाण्यात शिरली. अंग कलतं करून तिने कुर्लीला पाण्यात सोडलं. थोड्या वेळाने कुर्लीचे पाय हलले.

"तुमचं शिखर राहिलं की हो!" ती हळहळली.

सोनवी अजून भिंतीला अंग चिकटवून उभी होती.

"राहू दे गं," ती म्हणाली. "मला कधीची ही गुहाच बघायची होती."