कोरड्या विहिरीतले बंदी

फार पूर्वी, डोंगरांपलीकडच्या एका राज्यात कोरडी विहीर हाच तुरुंग होता. कोणी बैल चोरो, कोणी कुणाचं डोकं फोडो, शिक्षा एकच. दोराने खाली सोडायचं आणि विसरून जायचं.

विहिरीवर एक रखवालदार असे. टोपलीतून तो भाकऱ्या खाली सोडी. वरून त्याला फक्त डोकी दिसत. राजाचा हुकूम कडक होता: एक जरी बंदी वर आला, तर त्याच्या जागी रखवालदार खाली.

एका वर्षी दुष्काळ पडला. पाणवठे आटले, गुरं मरू लागली. तेव्हा खालून एका बैलचोराने हाक मारली, "दादा, तळाशी ओल लागतेय. पहार दे, खणून बघतो."

गावकरी हसले. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पायऱ्या खोदून पळतील की रे."

रखवालदारालाही धाकधूक होतीच. पण घरी म्हातारी आई पाण्यावाचून तळमळत होती. त्याने मन घट्ट केलं आणि पहार खाली सोडली.

खालची ठणठण थांबेच ना. आणि एका सकाळी, काय सांगावं, खडक फुटून पाणी उसळलं! बंद्यांच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. गावकरी घागरी घेऊन धावले. रखवालदार मात्र शिडीकडे धावला, कारण माणसं बुडणार होती आणि परवानगी मागायला राजवाडा दिवसभराच्या वाटेवर होता.

"शिडी सोडलीस तर तुझी धडगत नाही," कोणीतरी म्हणालं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि त्याने शिडी सोडली.

एकेक जण वर आला. बैलचोर सगळ्यांत शेवटी. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने एका थकल्या म्हाताऱ्याला खांद्यावर तोलून धरलं होतं. त्याला शिडीवर चढवलं, मगच स्वतः चढला. रखवालदार पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघत होता. असला माणूस आपण इतकी वर्षं खाली ठेवला? त्याचे हात आपोआप जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी राजा आला. "नियम माहीत होता ना?"

"होता, महाराज. सोडा मला खाली. पोहता येत नाही, एवढंच."

राजाने काठावरून वाकून पाहिलं. गावाला पुरून उरेल एवढं पाणी खाली हलत होतं. ते कोणी खणून काढलं, हे गावकऱ्यांनी त्याला सांगितलं.

मग त्याने रखवालदाराला माफ केलं आणि प्रत्येक बंद्याचा न्याय नव्याने केला. बैलचोराला तो म्हणाला, "ज्याचा बैल नेलास, त्याच्या शेतात राब. संध्याकाळी मात्र आपल्या घरी जा." त्या राज्यात माणसं टाकायला पुन्हा विहीर शोधली गेली नाही.

शिक्षा अशी असावी, की तिच्यातून माणसाला पुन्हा वर येता यावं.