बकुळ नामंजूर

“मग दगड नेमका कुठं बसवायचा, आजोबा?”

अभिजातने तिसऱ्यांदा विचारलं. मल्लेशम गुंडेटींनी उपरणं खांद्यावर नीट केलं. सोलापूरच्या विणकर वस्तीतल्या चौकात, पाण्याच्या टाकीशेजारच्या पायरीवर ते बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, त्यातली पन्नास वर्षं मागावर गेलेली.

समोर अभिजातची गाडी उभी होती आणि डिकी उघडी होती. आत गोणपाटावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी ठेवलेली.

‘शरयू देवस्थळी स्मृतिचौक. संकल्पना आणि आराखडा : शरयू देवस्थळी.’

शरयूताईंना जाऊन आठ महिने झाले होते. त्या लँडस्केप आर्किटेक्ट. मोकळ्या जागा, झाडं, पायवाटा आखणं हे त्यांचं काम. मोठ्या बंगल्यांच्या बागा त्यांनी कधीच सोडून दिल्या होत्या. पडक्या, उकिरडा झालेल्या वस्त्यांमध्ये जायचं, माणसांना गोळा करायचं आणि ती म्हणतील तसं, त्यांच्याच हातांनी, सगळं नव्यानं उभं करायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं.

“माझे गुरू सोलापुरात असतात,” त्या ऑफिसात नेहमी सांगत. “अक्षर एक येत नाही त्यांना.”

अभिजात रेगे त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. ते हुशार असणं त्यालाही चांगलंच ठाऊक होतं.

मल्लेशमबाबांनी डिकीकडे बोट केलं.

“काय लिहिलंय?”

त्यानं वाचून दाखवलं.

“आराखडा म्हणजे?”

“नकाशा. चौकाचा. ताईंनी काढलेला.”

“बाईनं काढलेला आम्ही घेतला नाही.” मल्लेशमबाबा शांतपणे म्हणाले. “पहिल्या दिवशी आणला होता. मी म्हणलं, यात नळाची रांग कुठं उभी राहणार? बाईनं घडी घालून पिशवीत टाकला. मग दोन वर्षं नुसती येऊन बसायची.”

“पण लोकांना कळायला नको का, हे कोणी केलं?”

“लोकांनी केलं. त्यांना ठाऊक आहे.”

अभिजातचा आवाज चढला. “आठ महिन्यांत विसरलात तुम्ही त्यांना! सकाळपासून दहा घरं फिरलो. एक म्हणते, ओटा आम्ही बायकांनी बांधला. दुसरा म्हणतो, गटार मी वळवलं. ताईंचं नाव एकाच्याही तोंडी नाही...”

“तू कुठं होतास?”

“कधी?”

“ती आजारी होती तेव्हा.”

...

अभिजात डिकीच्या कडेला टेकला. जे बायकोलाही नीटसं सांगितलं नव्हतं, ते या अनोळखी म्हाताऱ्यासमोर बाहेर आलं.

या चौकाचा शेवटचा नकाशा त्यानंच ऑफिसात बसून रेखला होता, आणि त्याच्या कोपऱ्यात ताईंनी वस्तीतल्या एकोणचाळीस जणांची नावं लिहिली होती. त्यांच्यातच त्याचंही होतं. तेविसावं. “मी इथं पाणी भरायला आलो होतो का?” असं ताईंना म्हणून तो ऑफिसातून बाहेर पडला, तो पुन्हा गेलाच नाही. हॉस्पिटलमध्येही नाही. त्यांनी दोनदा फोन केला होता. त्यानं उचलला नाही.

“एकदा जायला हवं होतं,” तो म्हणाला.

मल्लेशमबाबांनी ‘असू दे’ म्हटलं नाही. ते उठले, डिकीपाशी आले, ग्रॅनाइटवरच्या अक्षरांवरून त्यांनी तळवा फिरवला आणि डिकीचं झाकण ओढून बंद केलं.

“चल.”

समाजमंदिराच्या कपाटातून त्यांनी वस्तीच्या बैठकांचं रजिस्टर काढलं. त्यात फुलवात घालून ठेवली होती. तेच पान त्यांनी उघडून दिलं.

“वाच. मला येत नाही.”

ताईंचं अक्षर होतं. उभं, टोकदार, पण या पानावर थरथरलेलं.

‘पूर्वेच्या कोपऱ्यात बकुळीचं झाड लावावं. सूचक : शरयू देवस्थळी. बाजूने एक. विरुद्ध एकतीस. नामंजूर.’ खाली त्यांचीच सही.

“हे... ताईंनी मागितलं होतं?”

“एवढंच मागितलं. अकरा वर्षांत स्वतःसाठी एकदाच. जायच्या दीड महिना आधी. म्हणाली, बकुळ मला आवडते.”

“आणि तुम्ही नाही म्हणालात?”

“पहिला हात माझा. त्या कोपऱ्यात बायका रंगवलेलं सूत वाळवतात. झाड वाढलं की सावली येणार. मग सूत कुठं न्यायचं?”

“त्या मरणार होत्या, आजोबा!”

“आम्हाला कुठं ठाऊक? डोक्याला रुमाल बांधला होता. मी विचारलं, तर म्हणाली, ऊन लागतं.” म्हाताऱ्यानं पानावर बोट ठेवलं. “हात तिनंच मोजले. तिनंच लिहिलं. मग शेजारच्या राजव्वाकडं चहा घेतला, रिक्षात बसली. वळून बघत होती, पार कोपऱ्यापर्यंत... नंतर तिच्या भावाचा फोनच आला.”

ते भिंतीला धरून खाली बसले. खांदे हलत होते. आवाज मात्र नव्हता.

अभिजात रजिस्टर हातात धरूनच त्यांच्याशेजारी फरशीवर बसला. बाहेर कुणाचा तरी पॉवरलूम खडखडत होता.

“आजोबा,” तो हळूच म्हणाला, “पाटी राहू दे. बकुळ लावू. सूत वाळवायला दुसरीकडं तारा बांधून देतो मी. आज संध्याकाळी बैठक घ्या. ताईंसाठी म्हटल्यावर एकही हात विरुद्ध जायचा नाही.”

मल्लेशमबाबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. त्याच्या हातातून रजिस्टर काढून घेतलं. फुलवात पुन्हा त्याच पानात ठेवली आणि ते मिटलं.

“तिच्यासमोर नाही म्हणता आलं, तिच्या नावापुढं कुणाला म्हणता यायचं नाही. म्हणूनच आता ती बकुळ लावता येत नाही, पोरा.”